उघडा ठेवलेला कोपरा

पाहुणे आले की विजयमाला त्यांना घर दाखवायची. आधी ओसरी, मग चौक, चौकाखाली पावसाचं पाणी साठवणारी टाकी, उभ्यानं स्वयंपाक करायचा ओटा, गोबरगॅसची शेगडी, न्हाणीच्या सांडपाण्यावर वाढलेली केळ. शेवटी माजघरात आणून ती म्हणायची, “इथं भिंतीला हात लावून बघा.” बाहेर एप्रिलचं ऊन नांगरटीवर नाचत असायचं आणि भिंत मात्र भरलेल्या रांजणासारखी गार. पाहुणे दुसराही हात लावायचे. कुणी गालसुद्धा टेकवायचं.

माजघराचं दार मात्र ती भिंतीला टेकवून ठेवायची. त्या दाराआड, खुंटीच्या खाली, सुपाएवढ्या जागेला गिलावा नव्हता. आतल्या मातीच्या विटा तशाच उघड्या होत्या. घर पाहून गेलेल्या माणसांना तो कोपरा कधी दिसला नाही. विजयमालाला तो दारानं झाकलेला असतानाही दिसायचा, आणि ओट्यापुढं पाठ करून उभं राहिलं तरीही दिसायचा.

ती वडगाव निंबाळकरची. दहावीनंतर आयटीआयत नकाशे काढायचा कोर्स करणारी तिच्या भावकीतली पहिलीच मुलगी. बाप म्हणायचा, आमच्या बापजाद्यांनी मेंढरांमागं उभा मुलूख पायाखाली घातला, आता पोरगी तो कागदावर काढतीया. बारामतीत आप्पासाहेब इंजिनिअरांच्या ऑफिसात तिला काम मिळालं. खिडकीजवळचं टेबल, तिरका बोर्ड, ट्रेसिंग पेपरची सळसळ आणि छापलेल्या नकाशांना येणारा अमोनियाचा झणका. त्या वासानं इतरांच्या डोळ्यांत पाणी यायचं. तिला तो आवडायचा. मग लग्न ठरलं. नवरा नागेश साखर कारखान्यात पाळीनं कामाला होता. वर्षाच्या आत स्वप्नाली झाली. ऑफिस सोडताना आप्पासाहेब म्हणाले होते, “मूल जरा मोठं झालं की ये. टेबल तुझंच आहे.” हे वाक्य तिनं माहेरच्या लुगड्यासारखं घडी घालून जपलं.

सासर इंदापूर तालुक्यात, शेळगावच्या पलीकडचं एक जुनं गढीचं गाव. गढीचे दोन बुरूज ढासळलेले, तिसरा उभा, आणि त्याच्या पायथ्याला बोळाबोळांतून एकमेकांच्या पाठीला पाठ लावून बसलेली घरं. मधोमध भैरोबाचं देऊळ. देवाच्या शिखरापेक्षा उंच घर गावात कुणी बांधत नसे. माडी चढवायची कुणाची टाप नव्हती. सगळी घरं मातीच्या सपाट छपरांची, माळवदाची.

किल्लारीचा भूकंप झाला त्या पहाटे या गावातही मांडणीवरची भांडी वाजली. पुढं किल्लारीची चित्रं पेपरात आली, माळवदाखाली गाडल्या गेलेल्या माणसांची. मग गावात एकेक माळवद उतरू लागलं आणि एकेक स्लॅब पडू लागला. शेजारच्या सर्जेरावांनी सगळ्यांत आधी स्लॅबचं घर बांधलं, आणि पहिल्याच उन्हाळ्यात बाजलं उचलून लिंबाखाली आणलं.

विजयमालाचे सासरे आबाजी सकाळी मेंढरं सोडताना त्यांना हटकायचे. “सर्जेराव, घर बांधलंस का भट्टी लावलीस?”

“हसू नका आबा. वरनं स्लॅब, खालनं फरशी आन् मधी मी. भाकरीवानी दोन्हीकडनं भाजतोय.”

“मंग पलटी कोण मारतंय तुला?”

“बायकू मारती की. येकदा ह्या कुशीला, येकदा त्या कुशीला.”

आबाजींनी अर्धं आयुष्य कळपामागं उघड्यावर काढलेलं. आता चार मेंढरं उरली होती आणि बाकी शेती. तरी छताखाली त्यांना झोप यायची नाही. घर उतरवायचं ठरलं तेव्हा ते जेवताना म्हणाले, “मला सर्जेरावासारखं नगं आन् किल्लारीसारखं बी नगं. मला झोप लागंल असं घर पायजे.”

नागेश म्हणाला, “आबा, तसं घर म्हंजी मेंढरांचा वाडगाच.”

विजयमाला भाकरी वाढत होती. सासऱ्यांना ती मामा म्हणायची. “मामा,” ती म्हणाली, “मी काढू का?”

“काय?”

“घर.”

सासूबाई, कुशाबाई, तोंडाला पदर लावून हसल्या. आबाजी हसले नाहीत. “काढ,” म्हणाले.

तिनं आधी गाव पाहिलं. दोन वर्षं ज्या बोळांतून पाणी आणलं ते बोळ पहिल्यांदा पाहिल्यासारखे पाहिले. दुपारी सावली कुठं पडते, वारा कुठून शिरतो, जुन्या भिंती एवढ्या जाड का, गढीची पांढरी माती पावसात का विरघळत नाही. मग पाठकोऱ्या कागदांवर काढत बसली. जुनं माळवदाचं सागवान परत वापरायचं. गढीच्या घसरलेल्या मातीत थोडं सिमेंट मिसळून हातयंत्रानं दाबलेल्या विटा करायच्या, भाजायच्या नाहीत. खिडक्यांच्या वरून सगळ्या घराला काँक्रीटचा एक पट्टा फिरवायचा. आबाजींना ती म्हणाली, “पोराच्या कमरेला करगोटा असतो ना, तसा. जमीन हलली तरी घर सुटणार नाही.” वर जड माती नाही, कौलं. कौलांखाली बांबूचा तट्टा. आणि सगळ्यात उंच कौल भैरोबाच्या शिखराच्या खाली.

कागद पाहून आबाजींनी भिंतींच्या रेघांवरून बोट फिरवलं. मग विचारलं, “हे बांधून घ्यायला हितं कोण हुबं ऱ्हाईल?”

“मी राहीन. पण घर झालं की मला बारामतीला कामावर जाऊ द्यायचं.”

कुशाबाईंचं हसू मावळलं. नागेश बाहेर बघू लागला. सून घर सोडून रोज एसटीनं जाणार हे त्या घरात अजून कुणी मोठ्यानं बोललं नव्हतं.

आबाजी उठले. तिला घेऊन माळावरच्या बिरोबाच्या ठाण्यावर गेले आणि देवापुढचा चिमूटभर भंडारा उचलून म्हणाले, “घर पुरं झाल्याबिगर धाडणार न्हाय. पुरं झाल्यावर अडवणार न्हाय.” भंडारा उचलून बोललेला शब्द मोडायचा नसतो. त्यांची पिवळी बोटं पाहून तिला भरून आलं. ज्या शब्दात ती अडकणार होती तो तिला त्या दिवशी मोकळ्या दारासारखा वाटला.

त्या सालचं सगळं ऊन तिनं डोक्यावर घेतलं. स्वप्नालीला लिंबाच्या सावलीत कुशाबाईंजवळ सोपवायची आणि पदर खोचून विटांच्या ओळींतून फिरायची. गवंडी सोनबा पहिले काही दिवस तिच्याऐवजी आबाजींकडं बघून बोलायचा. पुढं पुढं तो तिच्याकडं बघायला लागला. बाया पाणवठ्यावर चिडवायच्या, “इंजनेरीणबाई, आमच्या न्हाणीला बी येक खिडकी काढा की, नवरा कुठनं येतोय ते दिसंल.” ती हसायची. गव्हाचा भुसा घातलेला चिखल तिनं आठ-आठ दिवस आंबवत ठेवला, पायांनी तुडवला, आणि भिंतींना गिलावा चढला तेव्हा सगळ्या घराला ओल्या रानाचा वास आला.

शेवटची खोली माजघर. सोनबा दाराआडच्या कोपऱ्यापर्यंत आला, थापी बादलीत ठेवून त्यानं हात धुतले.

“अहो, तेवढं राहिलं,” विजयमाला म्हणाली.

सोनबानं आबाजींकडं पाहिलं. आबाजी म्हणाले, “तेवढं ऱ्हाऊ द्या.”

नव्या घराचा एक कोपरा उघडा ठेवायचा असतो, हे तिला ठाऊक होतं. पुऱ्या झालेल्या घराला दृष्ट लागते. माहेरीही कुठं चुलीमागं, कुठं उतरंडीमागं अशी जागा असायची. पण तिनं या घराच्या कागदावर प्रत्येक कोनाडा, प्रत्येक खुंटी काढली होती, आणि हा कोपरा काढायचा ती विसरली होती.

वास्तुशांत झाली. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, “मामा, आता सोमवारपासून जाऊ ना?”

आबाजी खाली बघून तंबाखू मळत होते. “घर कुठं पुरं झालंय, पोरी?”

“म्हणजे?”

त्यांनी नुसती मान माजघराकडं वळवली.

“मग तो कोपरा कधी लिंपायचा?”

“त्यो लिंपत न्हाईत.”

हे कपट असतं तर ती भांडली असती. माहेरी निघून गेली असती. पण आबाजींच्या थोरल्या मुलाचं, दादासोचं घर मळ्यात होतं. शिकलेला होता तो, असलं काही मानत नव्हता. त्यानं सगळं घर कोपऱ्यासकट लिंपून घेतलं, आणि वर्षाच्या आत विहिरीवर मोटारीचा शॉक लागून गेला. विजयमाला या घरात येण्याआधीची गोष्ट. ते घर अजून तसंच मळ्यात उभं होतं, त्यात कडबा भरलेला असायचा. आबाजी तिकडं पाठ करूनच खुरपायचे. त्यांचा शब्द खरा होता आणि त्यांची भीतीही खरी होती. या दोन खऱ्यांच्या मधे जेवढी जागा उरली होती तेवढ्यात तिला राहायचं होतं.

नागेशला तिनं सांगून पाहिलं. तो म्हणाला, “आबांपुढं मी काय बोलणार? आन् हितं तुला काय कमी हाय? सगळं तर घरातच केलंयस.”

ते मात्र तिला जाऊन लागलं. खरंच तिनं सगळं घरातच केलं होतं. पाणी चौकाखाली, म्हणून आडावर जाणं संपलं. शेगडी गोबरगॅसची, म्हणून जळणाला रानात जाणं संपलं. न्हाणी, संडास, वाळवणाचा कट्टा, सगळं चार भिंतींच्या आत. बायांचा त्रास वाचावा म्हणून तिनं एकेक गोष्ट आत घेतली होती आणि तसं करताना उंबऱ्याबाहेर जायचं एकेक कारण पुसून टाकलं होतं. कुशाबाई शेजारणींना कौतुकानं सांगायच्या, “आमच्या मालीला आता दाराभायर पाऊल टाकाया लागत न्हाय.”

शिवाय मातीच्या घराला हात लागतात. आठवड्याला सारवण, दिवाळीआधी भिंतींना पांढऱ्या मातीचा पोतेरा, पावसाच्या बाजूला धुपलेला गिलावा दर साली नवा. कागदावर तिनं वारा कुठून येईल ते बाणांनी दाखवलं होतं, पाणी कुठून जाईल ते दाखवलं होतं. हे हात कुणाचे, ते कुठंच दाखवलं नव्हतं. आता भिंतीवरून पोतेरा फिरवताना ते तिला कळत होतं. भिंत गार राहायची आणि तिची कोपरं दुखायची.

आबाजींना मात्र झोप लागू लागली. दुपारी माजघरात उताणे पडून ते घोरायचे तेव्हा त्यांचा चेहरा पोरासारखा दिसायचा. तिला त्याचं बरं वाटायचं, आणि बरं वाटतंय याचाच राग यायचा.

दोन पावसाळे असे गेले. एका सप्टेंबरात आप्पासाहेब पुण्याच्या दोन आर्किटेक्टांना घेऊन घर पाहायला आले. त्यांनी फोटो काढले, भिंतीची जाडी मोजली, ‘पर्यावरणपूरक’ असा शब्द वापरला. कुशाबाईंनी विचारलं, “काय म्हनत्यात?” विजयमाला म्हणाली, “चांगलं आहे म्हणतात, आत्ती.”

जाताना आप्पासाहेब जीपपाशी थांबले. “विजयमाला, दिवाळीनंतर मला माणूस घ्यावा लागेल. एक मुलगा येऊन विचारून गेलाय. दिवाळीची सुट्टी संपून ज्या सोमवारी ऑफिस उघडेल, तेव्हा तू टेबलावर दिसलीस तर तू. नाहीतर मी तुला दोष देणार नाही.”

जीपची धूळ बसेपर्यंत ती वेशीत उभी होती. मग आत आली, कारण बाहेर उभं राहायला तिला काही कारण नव्हतं.

दिवाळीत तिनं पुन्हा विषय काढला. आबाजी म्हणाले, “मी अडवत न्हाय, पोरी. मी भंडारा उचललाय. कोपरा अडवतोय.”

“आणि मीच लिंपला तर?”

आबाजींनी तिच्याकडं पाहिलं. रागानं नाही. कळप नदीत उतरताना धनगर पाण्याकडं बघतो तसं. “लेकरू तुझं बी हाय त्या घरात,” एवढंच म्हणाले, आणि काठी घेऊन बाहेर पडले.

ती चार दिवस त्या वाक्याबरोबर राहिली. स्वप्नालीला झोपताना बघायची, कपाळाला हात लावायची. दादासोच्या घराची तिला स्वतःला कधी भीती वाटली नव्हती. आता एकदा कडब्यासाठी मळ्यात जावं लागलं, तर त्याच्या उंबऱ्यावरच थबकली. मी शिकलेली आहे, माझा यावर विश्वास नाही, असं ती मनात म्हणायची. विश्वास नसलेल्या गोष्टीची एवढी भीती वाटते हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

रविवारी सकाळी तिनं चौकात माती चाळली, भुसा घातला, पाणी घातलं आणि साडी वर खोचून तुडवायला लागली. आंबवायला वेळ नव्हता. कुशाबाई लसूण सोलत होत्या.

“माले, काय चाललंय?”

“घर पुरं करते, आत्ती.”

कुशाबाईंच्या हातातली पाकळी तशीच राहिली. त्या ओरडतील, अंगावर येतील, असं तिला वाटलं होतं. त्या उठल्या, माजघरात खेळणाऱ्या स्वप्नालीला काखेत घेतलं आणि घराबाहेर पडल्या. चौक ओलांडून, ओसरी ओलांडून, पार लिंबाखाली सर्जेरावांच्या बाजल्यावर पोरीला मांडीत घेऊन बसल्या, घराकडं पाठ करून.

विजयमालानं दार ओढलं. कोपरा पहिल्यांदाच उजेडात आला. विटांवर कोळ्यानं जाळं केलं होतं, ते पुसून तिनं पाणी शिंपडलं. मातीनं ते लगेच पिऊन टाकलं. मग मुठीमुठीनं चिखल लावला, तळव्यानं पसरला, खालून वर, डावीकडून उजवीकडं. हात कधीचा शिकलेला होता. सुपाएवढी जागा निम्मी झाली, मग पसाभर उरली, मग मूठभर.

तेवढ्यात लिंबाखालून स्वप्नालीचा खोकला ऐकू आला. साधाच, दिवाळीच्या दिवसांतला. एकदा, मग पुन्हा.

तिनं जागा सोडायची असं ठरवलं नाही. हातच तिथं गेला नाही. खुंटीच्या अगदी खाली अंगठ्याएवढी वीट उघडी राहिली. तिनं बाकी सगळं घोटून सारखं केलं, हात धुतले आणि दाराशी बसून राहिली.

दुपारी आबाजी मेंढरं कोंडून आले. आधी लिंबाखाली थांबले, बायकोशी काही बोलले, मग आत आले. खांद्यावर घोंगडं होतं. ओल्या गिलाव्याच्या वासानंच त्यांना कळलं असावं. ते कोपऱ्यापुढं उभे राहिले आणि मेंढराच्या पाठीवरून फिरवतात तसा हात भिंतीवरून, न टेकवता, फिरवत वर नेला. खुंटीखाली हात थांबला.

विजयमाला उठून उभी राहिली. त्या अंगठ्याएवढ्या विटेकडं ती बघत होती आणि आबाजीही बघत होते. आता ते म्हणू शकत होते, पुरं झालं न्हाय. ते खरंच झालं असतं.

“पुरं झालं व्हय?” त्यांनी विचारलं.

ती म्हणाली, “झालं, मामा.”

आबाजींनी खांद्यावरचं घोंगडं काढलं आणि खुंटीवर टाकलं. काळी लोकर खाली लोंबली आणि ती जागा झाकली गेली. ओल्या गिलाव्याला लोकरीचे चार केस चिकटले.

“कुशे,” त्यांनी बाहेर हाक दिली, “लेकराला आत आण. ऊन लागंल.” मग तिच्याकडं न बघता म्हणाले, “एसटी शेळगावावरनं धर. ती वेळेवर येती.”

सोमवारी ती टेबलावर होती.

आप्पासाहेबांनी तिला पहिलंच काम दिलं ते एका बागायतदाराच्या बंगल्याचं. स्लॅब, वर स्लॅब, पुढं दोन गोल खांब. तिनं एकदा खिडक्यांच्या जागा बदलून पाहिल्या. मालकानं त्या परत होत्या तिथं करायला लावल्या. तिनं केल्या. संध्याकाळी परत येऊन ती स्वयंपाक करायची, रविवारी सारवायची, दिवाळीआधी रजा काढून पोतेरा द्यायची. कुशाबाई आता लिंपताना मदतीला येत, पण त्या कोपऱ्याकडं जात नसत. स्वप्नालीला ताप आला की घरात कुणी काही म्हणत नसे. ते न म्हणणं तिला ताप उतरेपर्यंत ऐकू यायचं.

घोंगड्याबद्दल तिचं आणि आबाजींचं पुन्हा कधी बोलणं झालं नाही. रोज सकाळी पर्स खांद्याला लावून निघताना तिची नजर आधी माजघराच्या दाराआड जायची. घोंगडं खुंटीवर असलं की ती उंबरा ओलांडायची. आबाजींनी नवं घोंगडं घेतलं होतं, मेंढरांमागं जाताना ते नेत. जुनं तिथंच असायचं. पण पौषात, गढीवरून वारा सुटला की, म्हातारा कधी कधी जुनंही ओढून अंगाभोवती घ्यायचा. त्या सकाळी खुंटी रिकामी दिसायची, आणि खाली ती अंगठ्याएवढी वीट.

अशा दिवशी ती थांबायची. आबाजी ओसरीवर शेकत बसलेले असायचे, दोन घोंगड्यांत गुरफटलेले, पाठमोरे. ते काही म्हणतील म्हणून ती क्षणभर वाट पाहायची. ते काही म्हणत नसत. मग ती त्यांच्या बाजूनं, चपलेचा आवाज न करता, बाहेर पडायची. एसटीत खिडकीशी बसली की उजव्या हाताचा अंगठा बोटांवर घासत राहायची. बारामती येईपर्यंत, वाळलेली माती काढून टाकावी तसा.